तिखाडीचा ठोंब

अक्षर माझं वाकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि कुठं पहिली वेलांटी द्यायची नि कुठं दुसरी हे तेव्हाही नीट उमगलं नव्हतं, ते आता नातू झाल्यावर कुठून उमगणार! सुनेच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी सापडली, म्हणून लिहिते आहे. तुम्ही जे कोणी वाचाल ते समजून घ्या; शब्द चुकला असेल तर मनातल्या मनात दुरुस्त करा आणि पुढे चला.

आश्विन सरत आला की पहाटे मागचं दार उघडावं आणि उंबऱ्यावर क्षणभर थांबावं. ऊन अजून पत्र्यावरही उतरलेलं नसतं. न्हाणीपासून मागच्या भिंतीपर्यंत आमची सात-आठ हात मोकळी जागा आहे. तिथं गवत उभं असतं, आणि त्याच्या एकेका तुऱ्यावर दव बसलेलं असतं. मारवेलाचे तुरे जांभळट, लहान मुलानं बोटं फाकवावीत तसे. पवन्याच्या काड्या फिक्या पिवळ्या, ताकात चिमूटभर हळद पडावी तशा. कुसळीच्या काळ्या शेपट्या एकमेकींत पीळ घालून उभ्या, जणू बाजारात भेटलेल्या मैत्रिणी. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, उंच तिखाडी. तिचा तुरा आधी निळसर असतो, मग पिवळा होतो आणि पिकला की भाजलेल्या विटेचा रंग धरतो. पान चुरलं की हाताला वास येतो. गुलाबाचा म्हणावा तर गुलाबात एवढा तिखटपणा कुठं असतो? आल्याचा म्हणावा तर आलं इतकं गोड कुठं असतं? वारा आला की सगळी एकदम वाकतात आणि एकेक करून सरळ होतात. किती साधी गोष्ट! पण तेवढं पाहिल्याशिवाय माझ्या हातून चूल पेटत नाही.

गवत लावतं का कोणी? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला, पण सगळ्यांच्या आधी तो मीच मला विचारला होता. माझे हात निंदणाचे, पिकातलं तण उपटणारे हात. नऊ-दहा वर्षांची असताना विळा हातात आला, तो ज्वारीच्या, कपाशीच्या, सोयाबीनच्या तासातासांतून, पिकाच्या ओळीओळींतून, फिरत राहिला. तासात बसलेल्या बाईला गवत बोटांनी ओळखू येतं. हराळीची गाठ कुठं लपली आहे, लव्हाळ्याचा कंद किती खोल गेला आहे, कोणतं ओढल्यावर मुळासकट येतं आणि कोणतं तुटून चार दिवसांनी पुन्हा हसतं, हे तिला वर न पाहता कळतं. शेजारच्या तासातली बाई सासूची कागाळी सांगत असते, ही हूं हूं करत असते, आणि हात आपले चाललेले असतात. असं चाळीस वर्षं ज्याला उपटलं, त्याचं रूप मी पाहिलंच नव्हतं. आम्ही त्याला तुऱ्यावर येऊच देत नव्हतो ना! लहानपणीच काढून टाकायचं, त्याचं तारुण्य कसं असतं ते कोण बघणार?

तुऱ्यावर आलेलं गवत बघायची जागा एकच होती, ती म्हणजे धुरा. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. तिथलं गवत बैलांसाठी राखलेलं असायचं. दिवाळीच्या सुमारास मी तिथं विळा घेऊन जाई आणि कमरेएवढ्या पवन्यात शिरून भारा कापी. मग बैल गेले, ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला. गाय म्हातारी होऊन गेली, दूध पिशवीतून येऊ लागलं. धुऱ्यावरच्या गवताचं कोणाला काही कामच उरलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलानं, संतोषनं, पाठीवर पंप घेऊन सगळ्या धुऱ्यांवर तणनाशक मारलं. सगळेच मारतात, त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण आठ दिवसांनी मी वावरात गेले तर हिरव्या पिकाच्या मधून पिवळ्या पट्ट्या गेलेल्या, कोणी वावराला मलमपट्टी बांधावी तशा. एका कोपऱ्यात, बाभळीच्या आडोशाला, फवारा पोचला नव्हता. मी विळ्यानं माती उकरली आणि मारवेलाचा, पवन्याचा आणि कुसळीचा एकेक ठोंब ओच्यात घेऊन घरी आले. का आणले, ते सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नाही.

तिखाडी मात्र धुऱ्यावरची नव्हे. ती माझ्या माहेरची. माहेर माझं संग्रामपूरच्या वर, सातपुडा जिथं पाय सोडून बसला आहे तिथं. गावामागं एक उतार होता, त्यावर दुसरं काही उगवत नसे. बाबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी त्या बाजूला तिखाडीचं तेल काढायच्या भट्ट्या लागत, आणि वारा गावाकडे फिरला की घराघरात वास येई. आमच्या वेळी भट्ट्या नव्हत्या, पण उतार होता. शाळा सुटली की आम्ही पोरी तिथून घसरत खाली यायचो आणि परकराला तो वास घेऊन घरी जायचो. माझी शाळाही तिथंच सुटली, कायमची; पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि मुलीला एकटीनं पाठवायचं कसं? पुढे रस्त्याच्या कामाला मुरूम लागला, तेव्हा तो उतार मशीननं उचलून नेला. मी पाहिलं तेव्हा त्या जागी मोठा खड्डा होता आणि खड्ड्याच्या कडेला हा एक ठोंब अर्धा लोंबकळत होता. भावाला म्हटलं, एवढा काढून दे. तो हसला, पण त्यानं काढून दिला. ओल्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन मी तो इथं आणला. नंतर दोनदा गेले, आजूबाजूला खूप फिरले, दुसरा सापडला नाही. त्या उताराचं जगात जे काही उरलं होतं ते माझ्या भिंतीपाशी होतं. ते गेलं की संपलं.

आधी मी या गवतांचं वाटोळंच करत होते. जीव जडला की खाऊ घालावंसं वाटतं, तसं मी पहिल्या वर्षी टोपलंभर शेणखत घातलं. गवत असं माजलं की उभं राहीना. आडवंतिडवं लोळायला लागलं, तुरे मातीत. दुसऱ्या वर्षी काही घातलं नाही, उलट थोडी बारीक खडी मिसळली, तर काड्या कशा ताठ! मग हळूहळू उमगत गेलं. फाल्गुनात सगळं चार बोटं ठेवून कापायचं, नाहीतर जुन्या काड्या नव्या कोंबाला ऊन लागू देत नाहीत. कापताना मन होत नाही, पण कापायचं. दोन पावसाळे झाले की ठोंब मधून पोकळ होतो, कडेनं जिवंत नि मधे मेलेला; तेव्हा आषाढात उपटून त्याचे वाटे करायचे आणि कडेचे लावायचे. माणसांचंही घर असंच वाढतं की काय? मधली म्हातारी पोकळ होत जातात आणि कडेनं नवं फुटतं! पण गवताला त्याचं वाईट वाटत असेल असं दिसत नाही.

आणि कुसळीचं बी! ते तर मी तासन् तास बघत बसते. पिकलेलं कुसळ उचलून तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. ते गोल गोल फिरायला लागतं, स्वतःचा पीळ स्वतःच उलगडतं. मातीत पडलं आणि पाऊस आला की असंच फिरत फिरत जमिनीत शिरतं, स्वतःला स्वतः पेरतं. आम्ही जिला नुसती टोचणारी म्हणून शिव्या दिल्या तिला एवढी अक्कल! टोचते खरी. शेजारच्या शांताबाईनं एकदा भिंतीवरून आरोळी ठोकली, “काव, तुही कुसळं माह्या लुगड्याले चिकटून राह्यली! दिवाळीचं नवं लुगडं हाये, मायबाई!” मी गुपचूप जाऊन तिच्या पदराची कुसळं एकेक काढून दिली. ती पाय पसरून बसली होती आणि मजेत पुन्हा पुन्हा म्हणत होती, “हाव, इकळे एक राह्यलं. अजून इकळे.”

घरचे हसायचे. हे म्हणायचे, “लोकं गुलाब लावतात, शेवंती लावतात, अन् तू गवत लावून राह्यली? बैल गेले तं आता मलेच चारतं का काय?” संतोष म्हणायचा, “आई, काढून टाक ना थे. कायले ठेवलं?” मी म्हणायची, असू दे. एवढंच. मला सांगता येत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, अजूनही. दुकानात दुकानदारानं पैसे कमी परत दिले तरी मी तशीच घरी येते. तुळशीभोवती विटा लावल्या, मोगऱ्याभोवती लावल्या, पण गवताभोवती लावायला मला लाज वाटली. लोक म्हणतील, गवताला वाफा केला! मारवेल, पवन्या, तिखाडी अशी नावं घेऊन हे माझं आहे, मी लावलं आहे, असं मी घरात कोणालाच कधी सांगितलं नाही. मोकळ्या जागेत आपोआप वाढलेलं दिसावं तसं ते होतं. पुढं जे झालं त्यात माझा वाटा तो एवढा, आणि तो लहान नव्हे.

मागच्या कार्तिकात, तुळशीचं लग्न उरकल्यावर, भावाच्या मुलाचं लग्न निघालं आणि मी चार दिवस माहेरी गेले. त्याच वेळी आमची सून पूजा तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेराहून परत यायची होती. तिला पोचवायला तिची आई आली आणि मी येईपर्यंत घरी थांबली. आमच्या इहीणबाई धाड गावाकडच्या. घरची बागायत, कांदा, मिरची, वांगी. धाडच्या बाजाराला त्यांची मिरची जाते. त्यांची बोली आमच्याहून जरा निराळी, तिकडे मराठवाड्याची हवा लागते. बाई मनानं मोठी, पण जुन्या रीतीची. लेकीच्या सासरी फुकटचं बसून खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत त्या अजून पाळतात. त्यांची आई तर म्हणे लेकीच्या घरचं पाणीही पीत नसे. यांनी एवढं सैल केलं की जेवतात, पण जेवणाइतकं काम करूनच. म्हणजे त्या आल्या की माझी भांडी राखेनं घासून निघतात, गोधड्या धुतल्या जातात, डाळी निवडल्या जातात. मी हात धरला तरी ऐकत नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी मी खामगावहून एस.टी.नं आले. बाळाला घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला, पाणी प्यायले, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.

मागची जागा लख्ख होती. भिंतीपर्यंत शेणाचा सडा, त्यावर रांगोळीची चार बोटं. एक काडी नव्हती.

इहीणबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तळहाताला फोड आला होता, तो त्यांनी दाखवला नाही पण मला दिसला. तीन-चार वर्षांची मुळं, कुदळीशिवाय निघणार नाहीत. बाईनं दोन दिवस घाम गाळला असणार. म्हणाल्या, “बघा बाई, किती माजलं होतं! लेकरू आहे घरात, इचूकाट्याचं भ्या. पूजा नको म्हणत होती, म्या म्हणलं, तुझी सासू यायच्या आत करून टाकते.” त्यांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. परीक्षेत पहिली आलेली मुलगी जशी बाईंकडे बघते, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “लई छान केलं इहीणबाई.”

आणि पाय धुवायला बसले. पायांवर पाणी ओतत राहिले, बादली संपेपर्यंत.

दोष कोणाचा म्हणायचा? आयुष्यभर मीही दुसऱ्यांच्या दारात बसले की बोलता बोलता हाताशी येईल ते गवत उपटत आले आहे. शेतातल्या बाईचे हात रिकामे राहत नाहीत. मी त्यांच्या घरी गेले असते आणि त्यांनी असं काही लावून ठेवलं असतं तर मीही हेच केलं असतं, आणि असाच उजळलेला चेहरा घेऊन उभी राहिले असते. हे सगळं मला तेव्हा तिथं बसल्या बसल्या कळत होतं. कळूनही छातीत जे रुतलं होतं ते निघत नव्हतं.

पूजाला हळूच विचारलं, काढलेलं गवत कुठं गेलं? ती म्हणाली, “शांताकाकूनं नेलं, शेळीसाठी. काल.” मग मी शांताबाईकडे गेले. गेले आणि काय विचारू! ओसरीवर बसले. तिनं लग्नाचं विचारलं, मी सांगितलं. जेवणात काय होतं विचारलं, सांगितलं. नवरी काळी का गोरी, तेही सांगितलं. तिनं चहा केला, तो प्यायले. आणि सगळा वेळ माझी नजर कोपऱ्यातल्या शेळीकडे. शेळीनं मारवेल फस्त केलं होतं, पवन्याच्या काड्या चघळून टाकल्या होत्या. पण तिच्या पायाशी, लेंड्यांत, तिखाडीचा ठोंब मुळासकट जसाच्या तसा पडला होता. तो तिखट वास शेळीला आवडला नव्हता. त्या मुक्या जनावराचे मी मनात किती आभार मानले!

शेवटी शांताबाईच म्हणाली, “काऊन व, मघापासून शेळीकडेच पाहून राह्यली? इकत घेतं का काय?”

घरी परत जावं असंच वाटत होतं. पण ठोंबाची मुळं वर आली होती, पांढरी, आणि त्यांवर दुपारचं ऊन पडत होतं. आणखी एक दिवस, आणि त्यात काही उरणार नव्हतं. मी म्हटलं, “थे गवत मले पाहिजे.”

“कोणतं?”

“थे. शेळीपुढचं. थे माहं हाये. माह्या माहेरचं.”

शांताबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेळीकडे, आणि मग ती अशी हसली की शेळी बुजून उभी राहिली. “मायबाई! लोकं शेळीले चारा मांगतात, ही शेळीच्या तोंडचा परत मांगाले आली! अन् एवढ्यासाठी माहा कपभर चहा पेली?” असं म्हणत तिनंच ठोंब उचलला आणि माझ्या पुढे चालू लागली. मी मागून म्हणतेय, अगं हळू, इहीणबाई आहेत. पण शांताबाईला हळू बोलता येत नाही, देवानं दिलंच नाही. तिनं दारातूनच आवाज दिला, “ओ धाडच्या बाई, तुम्ही तं हिचं माहेरच उपटून टाकलं!”

इहीणबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ठोंबाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं. माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं असावं. शांताबाई हसायची थांबली आणि काम आठवलं म्हणून निघून गेली. “कामून नाही सांगितलं मला?” इहीणबाई म्हणाल्या. “आत्ता आल्या आल्या तरी सांगायचं! म्या दात काढून उभी, अन् तुम्ही म्हणता छान केलं!” त्यांना राग आला होता, आणि तो खरा होता. मला त्यांनी चांगलं ऐकवलं. म्हणाल्या, “मनातलं मनात ठेवायचं अन् दुसऱ्याला पापात टाकायचं, ही कोणती रीत बाई?” मी मान खाली घालून ऐकत होते. लाजाळूपणा हा चांगला गुण आहे असं मला लहानपणापासून सांगितलं होतं. तो दुसऱ्याला असा गोत्यात आणतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनीच ठोंब हातात घेतला. नखानं एक मूळ सोललं, मधे दाबून पाहिलं. “वरून वाळलं. आत ओल हाये अजून,” म्हणाल्या. हंगाम चुकलेला, थंडी तोंडावर आलेली. अशा वेळी कोणी गवत हलवत नाही. आम्ही दोघी त्या सारवलेल्या जागेत समोरासमोर बसलो. त्यांनी स्वतः घातलेला सडा स्वतःच उकरला. ठोंबाचे दोन वाटे केले, म्हणजे एक गेला तरी एक राहील. अर्धा मी लावला, मोरीजवळच्या मऊ मातीत, चांगलं आळं करून, पाणी घालून. अर्धा त्यांनी लावला, भिंतीपाशी, मिरचीचं रोप लावतात तसा. वरची पानं सगळी विळ्यानं उडवली, चार बोटं ठेवली. ठोंब जरा तिरपा धरून मातीत बसवला आणि वरून टाचेनं घट्ट दाबला. पाणी एक तांब्या. “बस,” म्हणाल्या. “आता याच्याकडं बघायचं नाही.”

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. पूजानं आग्रह केला, यांनी बाहेरून हाक मारून सांगितलं, मी ताट वाढून समोर ठेवलं. त्यांनी ताटाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी नुसता चहा घेऊन पहिल्या गाडीनं गेल्या.

त्यानंतर त्यांचा पूजाला आठवड्यातून दोनदा फोन यायचा. बाळाचं झालं की विचारायच्या, गवताचं काय? मी मागून सांगायला लावायची, ठीक आहे म्हणावं, दोन्ही ठीक आहेत. पण ठीक कुठं होतं? माझ्या वाट्याला मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, थंडी पडली तर वरून टोपली झाकत होते, येता-जाता बोट लावून बघत होते. त्याला दोन पानं फुटली, माझा आनंद गगनात मावेना! पौषात ती पिवळी पडली. एका सकाळी जरा हात लावला तर गाभाच हातात आला, काळा, कुजलेला. पाण्यानं कुजला होता, माझ्याच पाण्यानं. शेणखताच्या वेळी जे शिकले होते ते भीतीपायी सगळं विसरले होते.

आणि त्यांचा वाटा? खरं लिहिते, इथं खोटं लिहून काय करायचं. मी तिकडे पाहतच नव्हते. बघू नका म्हणाल्या म्हणून नव्हे. ज्या हातांनी उपटलं त्यांच्या हातचं जगावं आणि माझ्या हातचं मरावं, हे मला नको होतं. मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मी वाट पाहत होते की तेही मरावं, म्हणजे दुःख करायला मी मोकळी. एवढ्याशा गवतासाठी माणूस एवढं हलकं होतं! उतार गेला, बाबा गेले, तेव्हाही माझ्या मनात कोणाविषयी असं आलं नव्हतं.

फाल्गुन लागला. दरवर्षी या दिवसांत कापणी असायची, यंदा कापायला काही नव्हतं. नुसती जागा झाडावी म्हणून खराटा घेऊन गेले. भिंतीपाशी ते चार बोटांचे वाळके खुंट उभे होते. त्यांवर खराटा फिरवणारच होते, तर मधे काही हिरवं दिसलं. खाली बसले. पाच कोंब होते. सुईसारखे, टोकाला लालसर, खालून हिरवे. एकाचं टोक चिमटीत धरून चुरलं आणि बोटं नाकाशी नेली. तोच गोड-तिखट वास! टाचेच्या दाबानं मुळांना माती घट्ट धरून राहिली होती आणि पाण्यावाचून त्यांना खाली जावं लागलं होतं. त्या बाईला तिखाडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, नाव पहिल्यांदाच ऐकत होती. पण उपटलेल्याला पुन्हा कसं लावावं हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. माझी माया होती खरी. त्या मायेत भीती किती होती, ते मात्र आता कळतं.

काल मी स्वतः फोन लावला. पूजानं नंबर काढून दिला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, कारण मी आपणहून कोणाला फोन लावल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिकडून इहीणबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “काय झालं? लेकरू बरं हाये ना?”

“बाळ बरं आहे,” मी म्हटलं. “गवताचं सांगायचं होतं. मी खोटं सांगत होते. माझा वाटा मेला, पौषातच. तुमचा जगला. पाच कोंब आहेत.”

पलीकडे कुठं तरी कोंबडं ओरडत होतं, मोटार चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे मिरचीला पाणी चाललं असावं. मला वाटलं, रागावल्या. मी म्हटलं, “आषाढात त्याचे वाटे करता येतील. एक तुम्हाला देईन. या न्यायला.”

“येते की,” त्या म्हणाल्या. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं. “पर आधीच सांगून ठेवा बाई, काय उपटायचं अन् काय नाही.”

“सांगेन,” मी म्हटलं. “सगळं बोट दाखवून सांगेन. जेवायला काय करू?”

“काहीबी करा,” त्या म्हणाल्या. “बसून खाते.”